मोर्चा पुढे, माणूस मागे

डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावावर कादंबरी लिहायला बसणाऱ्याला बाहेरचा संघर्ष आयताच मिळतो. १९९०च्या दशकात पी अँड ओ कंपनीचं बंदर इथे येऊ घातलं होतं. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने त्याला नकार दिला, आणि त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ऑगस्टअखेर पालघरला पायाभरणी झाली. एका बाजूला समुद्रातला १,४४८ हेक्टर भराव, दुसऱ्या बाजूला ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा. कलाटणीसकट सगळं कथानक वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे.

मात्र एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही.

मराठी समीक्षेने ‘मनोविश्लेषणात्मक’ आणि ‘सामाजिक’ असे दोन कप्पे केले, आणि बरेच लेखकही त्या हिशेबाने लिहू लागले. नवकथा मनाच्या तळाशी गेली. आंदोलनाची, विस्थापनाची कथा चावडीवर आणि रस्त्यावर राहिली. तिच्यात अधिकारी लबाड, गावकरी निर्मळ. त्या गावकऱ्याला कधी शंका येत नाही आणि मोहही पडत नाही.

याला छेद देणारं पुस्तक वाढवणच्याच मुलखातून आलं आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झालं आणि १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते वारल्यांच्या १९४५च्या उठावाचं कथन आहे. तलासरी भागातल्या झरी गावच्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच वारली मारले गेले. पण पुस्तकाचा खरा भार भीतीवर आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी मालकाला ‘नाही’ म्हणतो, त्याआधी त्याला स्वतःशीच झगडावं लागतं. मर्यादा एकच: हे सगळं संघटकाच्या नजरेतून दिसतं. बावटा हाती घेतल्यावरही ज्याच्या मनात धाकधूक उरली, त्याच्या आत शिरणं या कथनाला फारसं जमत नाही.

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीने धरणग्रस्तांचा पसारा मोठ्या ताकदीने मांडला. कचेऱ्या, कागद, पुनर्वसनातली पिळवणूक यांचा तपशील तिथे भरघोस आहे. त्या ओघात काही पात्रं मात्र आपापल्या दुःखाची प्रतिनिधी होऊन राहतात. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ या कादंबरीमध्ये तोल अधिक साधला आहे. शिकलेल्या एकनाथला नोकरी नाही आणि शेती परवडत नाही. जमीन विकून नोकरीसाठी पैसे भरावेत, असं भावाला वाटतं. बाजार आणि व्यवस्था यांच्याशी चाललेली लढाई इथे भाऊबंदकीत आणि संसारात शिरते.

सगळ्यात नेमकी रचना जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकाची. १९८२चा गिरणी संप तिथे रंगमंचावर दाखवलेला नाही. चाळीतल्या एका खोलीत एका कुटुंबातली भावंडं एकमेकांचे लचके तोडतात, आणि त्यातूनच संपाची झळ प्रेक्षकाला कळते.

वाढवणच्या लेखकाला हीच रीत उपयोगी पडेल. कल्पना करा, बाप मासेमारी करणारा, पापलेट-शेवंडीवर घर चालवणारा. थोरला मुलगा भिंगातून पाहत दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, कोरतो. हा या पट्ट्यातला जुना धंदा. धाकटा पदवीधर, बेकार. बंदरामुळे १२ लाख रोजगार निर्माण होतील, असं सरकार सांगतं. त्यातली एक नोकरी धाकट्याला लागली तर, हा विचार मोर्चात घसा फोडून ओरडणाऱ्या बापालाही शिवू शकतो. शिवला म्हणून तो फितूर ठरत नाही. उलट पात्र म्हणून तिथेच तो जिवंत होतो. असा बाप जनसुनावणीत प्रमाण मराठीत ठाम विरोध नोंदवेल आणि घरी आल्यावर मांगेली बोलीत मुलाला विचारेल, “फॉर्म भरलास का रे?” त्याला आंदोलनाशी बेइमान न ठरवता हा प्रश्न लिहिणं घोषणा लिहिण्याहून कितीतरी अवघड आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या नव्या लेखकांची कसोटी याच प्रसंगावर लागेल.