मुराकामी, मेंढ्या आणि माझी नडगी

हारुकी मुराकामीचं धावण्यावरचं पुस्तक तुम्ही वाचलेलं नसलं, तरी त्यातलं एक वाक्य तुमच्या डोळ्यांखालून नक्की गेलंय. वेदना आणि दुःखाबद्दलचं. ते जिमच्या भिंतीवर असतं, टी-शर्टवर असतं, सकाळी साडेपाचच्या स्टेटसला असतं. गंमत म्हणजे ते वाक्य मुराकामीचं नाहीच. पॅरिसच्या एका हॉटेलात लोळत पेपर वाचताना त्याला ते एका धावपटूच्या बोलण्यात सापडलं, आणि त्या धावपटूला ते त्याच्या भावाने दिलेलं. प्रस्तावनेत मुराकामी हे सरळ सांगून टाकतो. पण वाक्य उचलणारे लोक प्रस्तावनेच्या पुढे जात नाहीत, आणि म्हणून या पुस्तकाला 'मोटिव्हेशनल' म्हणतात. मला ते पटत नाही.

'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' जपानीत २००७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप गेब्रियलच्या इंग्रजी अनुवादात. मी ते फार उशिरा, आणि वाईट कारणासाठी वाचलं. हाफ मॅरेथॉनची तयारी करत होते, दहाव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. फिजिओने सांगितलं, सहा आठवडे धावणं बंद, फक्त चालायचं. एवढ्याशा गोष्टीने मी किती वाईट माणूस होऊ शकते हे तेव्हा कळलं. घरात सगळ्यांवर खेकसत होते. मैत्रिणीच्या मेडलच्या फोटोला लाईक करायला अंगठा उचलत नव्हता. अशा वेळी शांत, शिस्तीच्या माणसाचं पुस्तक वाचून आपणही शांत होऊ, असा हिशेब होता.

पण या पुस्तकातला माणूस शांत नाही. १९८३ च्या जुलैमध्ये तो एका मासिकासाठी ग्रीसला गेला आणि अथेन्सपासून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा धावला. सोबतच्या फोटोग्राफरला आश्चर्य वाटलं, कारण बाकीचे लोक म्हणे थोडं धावल्यासारखं करून फोटो काढून घेतात. (रील्स यायच्या आधीची गोष्ट आहे ही.) तो खरंच पूर्ण धावला, आणि शेवटच्या काही किलोमीटरवर त्याचं डोकं सटकलं. गाडीतून आरामात फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरवर राग. उन्हावर राग. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मजेत चरणाऱ्या मेंढ्यांवर राग! मेंढ्यांनी काय केलं होतं?

पुस्तकातली ही माझी सगळ्यात आवडती जागा. मेंढ्यांवरचा राग त्याने नोंदवून ठेवला म्हणून तर आवडतेच, पण त्याहून जास्त त्यानंतर तो जे कबूल करतो त्यासाठी. वीसहून जास्त मॅरेथॉन धावल्यावरही पस्तीस किलोमीटरच्या आसपास त्याचं मन तसंच वागतं. तीच चिडचिड, तेच वैतागणं. सरावाने पाय सुधारले, मन नाही. इथे एखाद्या कोचने 'माइंडसेट' बदलायच्या पाच युक्त्या दिल्या असत्या. मुराकामी म्हणतो, आपण असेच आहोत, आणि पुढच्या स्पर्धेची तयारी सुरू करतो.

तोशिहिको सेको या ऑलिम्पिक धावपटूचा किस्सा याच सुरात वाचावा. आज धावायला नको, असं तुम्हाला कधी वाटतं का, असं मुराकामी त्याला विचारतो. हा काय प्रश्न झाला, अशा नजरेने सेको बघतो. अर्थात वाटतं, नेहमीच वाटतं.

पुस्तकाचा गाभा मात्र सारोमा सरोवराचं प्रकरण. होक्काइदो, जून १९९६, एका दिवसात १०० किलोमीटर. पंचावन्नाव्या किलोमीटरला सुजलेल्या पायांसाठी तो अर्ध्या नंबरने मोठे बूट चढवतो. पुढचे वीस किलोमीटर, मी माणूस नाही, यंत्र आहे, असं स्वतःला बजावत काढतो. पंचाहत्तरच्या आसपास काहीतरी आरपार निघून जातं आणि तो ११ तास ४२ मिनिटांत पोचतो. प्रेरणादायी पुस्तक इथे संपलं असतं. याचं खरं इथे सुरू होतं, कारण त्यानंतर त्याची धावण्याची ओढच गेली. अपयशाने नाही, हवं ते मिळाल्यावर! यावर त्याच्याकडे औषध नाही. तो ट्रायथलॉनकडे वळतो, धावणं कमी पण चालू ठेवतो, आणि ओढ परत यायला वर्षं लागतात. २००५ ला न्यूयॉर्कसाठी जून, जुलै, ऑगस्टमध्ये २६०, ३१०, ३५० किलोमीटर असा चढता सराव करतो आणि तरी निकाल मनासारखा लागत नाही. मेहनतीचं फळ मिळतंच, असं हे पुस्तक कुठेच म्हणत नाही.

आता माझी तक्रार. आपल्या थडग्यावर, हा निदान कधी चालला नाही, अशा अर्थाचं काहीतरी कोरावं असं त्याला वाटतं. सारोमालाही इतर लोक चालत असताना हा चालणार नाही म्हणून हटून बसतो. एरवी स्वतःची टिंगल करणाऱ्या या लेखकाचा इथे ताठा दिसतो. फिजिओच्या हुकमाने ज्याला चालायला लागलंय त्याने हे पान वाचू नये. मी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी एक किलोमीटर धावून आले. नडगीने तिचं म्हणणं मांडलं. सहाचे नऊ आठवडे झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या दिवसात कोणी मध्ये येत नाही. ऑफिस नाही, लोकल नाही, सकाळचा डबा नाही. बायको आहे, पण पानांच्या कडेला. एकांत ही त्याची निवड आहे हे तो मान्य करतो, पण तो एकांत परवडतो कसा, यावर फार थांबत नाही. चार्ल्स नदीकाठी हार्वर्डच्या पोरी पोनीटेल उडवत त्याला मागे टाकतात, तो ते गमतीने बघत राहतो. सुंदर वर्णन आहे. पण जिच्याकडे दिवसात धावायला चाळीसच मिनिटं आहेत, तिला इतक्या मजेत मागे पडणं जमेल का, मला शंका आहे.

नऊ आठवड्यांनी तळजाईवर गेले. दोन मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं. मागून माकडटोपीवाले काका आले आणि पुढे निघून गेले, फोनवर कुणाशी तरी प्लंबरबद्दल बोलत. मला त्यांचा प्रचंड राग आला. मग प्लंबरचा. मग मेंढ्या आठवल्या आणि हसू आलं. तोवर घड्याळ वाजलं, चालायची दोन मिनिटं सुरू झाली होती.