न विचारलेला प्रश्न : ताई महाराज प्रकरण आणि अपिलाची मर्यादा



‘खाली हरलो तर हरलो, वरच्या कोर्टात बघून घेऊ’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. त्यामागे एक समजूत आहे. वरचं कोर्ट म्हणजे जास्त शहाणं कोर्ट, आणि अपील म्हणजे तोच खटला जास्त शहाण्या माणसांपुढे पुन्हा चालवणं. ही समजूत आज आपण तपासणार आहोत. त्यासाठी पुण्याबाहेर जायची गरज नाही. ताई महाराज प्रकरण आपल्याला पुरेसं आहे.

आधी हकीकत थोडक्यात. लोकमान्य टिळकांचे स्नेही बाबा महाराज १८९७ मध्ये पुण्यात वारले. मृत्युपत्राने त्यांनी टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींना विश्वस्त नेमलं होतं. त्यांच्या पश्चात जन्मलेला मुलगा काही आठवड्यांतच गेला, तेव्हा दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ या मुलाचं दत्तविधान झालं, असं विश्वस्तांचं म्हणणं. मुलगा नुसता पसंत केला, दत्तविधान झालंच नाही, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. त्याच वर्षी बाबा महाराजांच्या तरुण विधवा ताई महाराज यांनी कोल्हापूरच्या बाला महाराजांना दत्तक घेतलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आता निकालांची रांग बघा. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी १९०२ मध्ये टिळकांचं प्रोबेट रद्द केलं आणि त्यांच्यावर फौजदारी कारवाईचा मार्ग मोकळा केला. मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी ऑगस्ट १९०३ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. सेशन्स जज्ज ल्यूकस यांनी दोष कायम ठेवून शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेन्किन्स आणि न्या. बॅटी यांनी शिक्षाच रद्द केली. मग दिवाणी दावा. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ मध्ये जगन्नाथचं दत्तविधान मान्य केलं. टिळक मंडालेला असताना, १९१० मध्ये, उच्च न्यायालयाच्या न्या. चंदावरकर आणि न्या. हीटन यांनी तो निकाल फिरवला. मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून पुण्याचा निकाल पुन्हा उभा केला.

प्रश्न मुळात एकच होता : औरंगाबादेत त्या दिवशी काय घडलं? उत्तरं मात्र ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ यांच्यात चौदा वर्षं हेलकावत राहिली. पुण्यात ही गोष्ट टिळकांचा विजय म्हणून सांगतात. तो होताच. पण तेवढ्यावर थांबलं, तर तिच्यातून जे शिकायचं ते हातून निसटतं.

आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष हे एक प्रमाण आणि शब्द हे दुसरं. खालच्या न्यायाधीशापुढे साक्षीदार उभा असतो. तो कुठे अडखळला, कुठे गप्प झाला, हे त्याला दिसतं. अपिलाच्या न्यायाधीशापुढे असतो कागद, म्हणजे साक्षीदाराचा शब्द, तोही दुसऱ्याने टिपून घेतलेला. म्हणूनच वरच्या कोर्टाने खालच्या न्यायाधीशाच्या मताचा मान राखावा, असं सगळीकडे सांगितलं जातं. हे कारण आम्हाला अपुरं वाटतं. क्लेमंट्ससाहेबांनीही टिळकांना समोर पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि त्यांचा निकाल टिकला नाही. चेहरा पाहून खरं-खोटं कळतं, हा भरवसा आपण बाजारातसुद्धा बाळगत नाही.

मग खालच्या कोर्टाचं खरं बळ कशात आहे? तिथे प्रश्न विचारता येतो आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला उत्तर देता येतं, यात ते आहे. वादात पूर्वपक्ष मांडून झाला की दुसऱ्याला बोलू द्यावंच लागतं. उलटतपासणी ही त्याचीच कोर्टातली व्यवस्था.

१९१० चा निकाल नेमका इथे घसरला. उच्च न्यायालयाने नंतरची कागदपत्रं आणि मंडळींचं वागणं यांवरून अनुमान काढलं की दत्तविधानाची हकीकत रचलेली आहे, म्हणजे टिळक, खापर्डे आणि त्यांचे साक्षीदार शपथेवर खोटं बोलले. पण ज्या कागदांवर हे अनुमान उभं होतं, त्यांबद्दल साक्षीदारांना नीट विचारलेलंच नव्हतं. आधीच्या कारवाईतल्या जबान्याही गठ्ठ्याने पुराव्यात आल्या होत्या. प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने लॉर्ड शॉ यांनी यावर बोट ठेवलं : एखादा कागद साक्षीदाराविरुद्ध वापरायचा असेल, तर तो त्याच्यापुढे ठेवा आणि खुलाशाची संधी द्या. हा नियम आपल्या पुरावा कायद्याच्या कलम १४५ मध्ये होता. आज तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४८ मध्ये आहे, आणि वकील मंडळी या पुणेरी खटल्याचा दाखला अजून देतात.

कोणी म्हणेल, मग वरच्या कोर्टाने करायचं तरी काय? नुसता शिक्का मारायचा? नाही. १९०४ चा निकाल बघा. तेव्हाही न्यायमूर्तींपुढे कागदच होते. शिवाय फौजदारीत दुसरं अपील नसल्यामुळे मामला पुनरीक्षणात होता, म्हणजे अधिकार आणखी आखूड. तरी त्यांनी शिक्षा रद्द केली, आणि ते योग्यच होतं. फरक कुठे? कागद वाचून ‘हा दोष सिद्ध होत नाही’ असं म्हणायला शंका पुरते. कागद वाचून ‘हा माणूस खोटारडा आहे’ असं म्हणायला शंका पुरत नाही, त्या माणसाचं उत्तर ऐकावं लागतं. आणि प्रश्न महत्त्वाचा असूनही राहून गेला असेल, तर कायद्याने वाट ठेवलेली आहे. दिवाणी संहितेच्या ऑर्डर ४१, नियम २७ खाली अपील न्यायालयाला जादा पुरावा घेता येतो, फौजदारीतही तशी सोय आहे.

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर आता तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात चला. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर रात्री अत्याचार झाल्याची तक्रार झाली. खटला पुढे तिच्याच नावाने ओळखला गेला, आम्ही ते नाव इथे घेत नाही. सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये तिला खोटी ठरवून दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला : भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. निर्दोष सुटलेल्याला अपिलात दोषी ठरवताना फार जपावं लागतं, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३४ मध्येच सांगून ठेवलं आहे. पण इथे मुख्य वाद ‘संमती’ या शब्दाच्या अर्थाचा होता, आणि अर्थ तपासणं हे तर वरच्या कोर्टाचं हक्काचं काम. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुटका केली. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती.

इथे न्यायालयाने मौनाच्या जागी स्वतःचं उत्तर लिहिलं, आणि तिने शपथेवर जे सांगितलं होतं ते बाजूला राहिलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : ताब्यातल्या अत्याचाराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरावं. तिच्या उत्तराचं वजन शेवटी कायद्यात लिहावं लागलं.

आता पुन्हा ताई महाराजांकडे. १९०३ मध्येच त्यांचं निधन झालं. दिवाणी दाव्याचे तिन्ही निकाल त्यानंतरचे. दत्तक घेणारी त्या, मांडीवर मूल बसायचं त्यांच्या, पण त्यांना काही विचारता येईल अशी वेळ हे तीन निकाल देणाऱ्या कोणत्याच कोर्टाला उरली नव्हती. १९१५ च्या निकालाने साक्षीदारांची अब्रू वाचली. एका तरुण विधवेला खरोखर काय हवं होतं, याचा उलगडा त्यातून होत नाही, आणि अपिलाने तो होण्यासारखा नव्हता.

तेव्हा अपिलाचा निकाल हाती आला, की कोण जिंकलं हे पाहून ठेवून देऊ नका. दोन गोष्टी शोधा. ज्याला वरच्या कोर्टाने खोटं ठरवलं, त्याला तो प्रश्न विचारला गेला होता का? विचारला असेल, तर त्याचं उत्तर निकालात कुठे आहे? ते उत्तर सापडेपर्यंत निकाल खाली ठेवू नका.