‘बूम’च्या कप्प्यात तबला?

डिस्नेच्या ‘टूट, व्हिसल, प्लंक अँड बूम’ (१९५३) या ऑस्करविजेत्या कार्टूनपटाची आठवण निघाली, की लहानपणी तो पाहिलेले अनेक अमेरिकी आजही हळवे होतात. ते रास्तच आहे. गुहेतल्या माणसाच्या शिंगाची लांब नळी होते, ती वळते, तिला झडपा बसतात आणि ट्रम्पेट तयार होते, हे इतक्या हसतखेळत सांगणे सोपे नाही. आमचे अडते ते ‘बूम’पाशी. चर्मवाद्य म्हणजे नुसता दणका? साध्या ताणलेल्या चामड्याचे अधिस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, हे खरे. पण तबल्यावरचा काळा लेप, म्हणजे शाई, त्यांना जवळजवळ पटीत आणते. रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे १९२० सालीच ‘नेचर’मध्ये मांडले होते. चित्रपट वर्गात जरूर दाखवावा. नंतर डफ व तबला शेजारी ठेवून वाजवावेत.