'कट्यार'मधील खाँसाहेब : एका भूमिकेची रंगमंचीय वाटचाल

प्रतिस्पर्धी संगीतकारांवरचे नाटक म्हटले की इंग्रजीच्या प्राध्यापकांना पीटर शाफरचे 'अमेडियस' (१९७९) आठवते. त्याच्याही आधी पुश्किनने १८३० साली मोझार्ट आणि सालिएरी यांच्यावर छोटे पद्यनाटक लिहिले होते. मराठी वाचकाला मात्र त्यासाठी व्हिएन्नापर्यंत जाण्याचे कारण नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' हे 'अमेडियस'च्या बारा वर्षे आधी, डिसेंबर १९६७ मध्ये, प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ने रंगभूमीवर आणले. या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुधा पदांविषयी. प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा आहे. मराठी नाट्यसंगीत शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यातला दुष्ट गवई मुसलमानच का?" त्या तासाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. नुसत्या संहितेच्या आधारे ते देता येणार नाही, असे आता वाटते. प्रयोगांचा इतिहास पाहावा लागतो.

कथानक सर्वपरिचित आहे. विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्यात दरबारी गायकपदासाठी स्पर्धा होते. पद खाँसाहेबांना मिळते, हवेली मिळते आणि एक खून माफ असलेली कट्यारही मिळते. पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव त्याच हवेलीत चाकर म्हणून राहतो आणि खाँसाहेबांचे गाणे चोरून ऐकतो. सालिएरीशी खाँसाहेबांची तुलना येथे मोडते. आपण मोझार्टपेक्षा कमी आहोत हे सालिएरीला पुरते ठाऊक असते आणि त्याचे सारे दुःख तेथूनच येते. खाँसाहेब कमी नाहीत. त्यांचा दोष गाण्यात नसून विद्या घराण्याबाहेर जाऊ न देण्यात आहे.

हे कमी नसणे संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी यांनी ऐकवून सिद्ध केले. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद नाटकात दोन चालींत येते. प्रसाद सावकारांच्या ध्वनिमुद्रिकेत ते सालगवराळीत संथपणे उलगडते, तर वसंतरावांच्या गळ्यातून धानीत झेपावते. शब्द तेच, पण वृत्ती दोन. यातली श्रेष्ठ कोणती, हे ऐकणाऱ्याने ठरवू पाहावे. प्रस्तुत लेखकाला ते अजून जमलेले नाही. दोन्ही चाली एकाच माणसाच्या आहेत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या संचात पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार, उमा बकुळ पंडित आणि खाँसाहेब पं. वसंतराव देशपांडे. वसंतराव विदर्भातले, लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडे त्यांनी मारवा घेतला आणि पुढे भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांकडेही ते शिकले. म्हणजे संहितेतले खाँसाहेब ज्या विद्येवर पहारा देतात, तीच विद्या खऱ्या खाँसाहेबांनी एका देशपांड्यांना दिलेली होती आणि तिच्याच बळावर ते ही भूमिका करीत होते. प्रेक्षक नाट्यगृहात शिरताना पंडितजींच्या बाजूचा असेलही. पण वसंतरावांनी तान घेतल्यावर तो त्या बाजूला टिकला असेल असे वाटत नाही. झरीनाची भूमिका सोलापूरच्या फैयाज शेख यांनी केली, हाही उत्तराचाच एक भाग आहे.

आपल्या भागाने पाहिलेले खाँसाहेब कोणत्या तऱ्हेचे होते? अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले, अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि रहिमत खाँ १९२२ साली कुरुंदवाडला निवर्तले. निपाणीहून ही तिन्ही गावे जवळच आहेत. भास्करबुवा बखले, सवाई गंधर्व, केसरबाई केरकर ही शिष्यशाखा पाहिली, तर विद्या अडवून ठेवल्याचा आरोप सरसकट करता येत नाही. अर्थात शिष्याची वर्षानुवर्षे परीक्षा पाहणारे उस्तादही होते आणि तसे पंडितही होते. दारव्हेकरांनी खाँसाहेबांना मिरजेचे न करता बरेलीचे केले, त्यामुळे ते परके झाले, त्यांची जबानही परकी झाली. आमच्या घरातली 'हौ' आणि 'नक्को'ची दख्खनी त्यांच्या तोंडी शोभली नसती. नटाला मात्र याचा त्रास होतो. 'झरीना' हे मराठी लेखनच पाहा : मूळचा 'ज़े' आपण 'झ'वर भागवतो. 'आफताब'मधला 'फ'ही ओठ मिटून उच्चारला की खाँसाहेब बरेलीऐवजी थेट सदाशिव पेठेत जाऊन पोहोचतात.

वसंतराव १९८३ साली गेले, तेव्हा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. त्याच राहुल देशपांडे यांनी २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली खाँसाहेब साकारले. सदाशिव झाले अभिषेकींचे शिष्य महेश काळे. आजोबांची भूमिका नातवाकडे यावी, हे घराण्याच्या वृत्तीला धरूनच झाले. पण या प्रयोगातही मूळचे तत्त्व शाबूत राहिले, कारण खाँसाहेब स्वतः गात होते.

नोव्हेंबर २०१५ च्या चित्रपटात नेमके हेच सुटले. दिग्दर्शक भावेच होते. पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतः गातात. खाँसाहेब झालेले सचिन पिळगांवकर राहुल देशपांडे यांच्या आवाजावर ओठ हलवितात. सचिन यांचे उर्दू उच्चार साफ आहेत, अभिनयही मेहनतीचा आहे. परंतु राग एकाच्या चेहऱ्यावर आणि गाणे दुसऱ्याच्या गळ्यात अशी वाटणी झाली की प्रेक्षकाला आठवतो तो राग. भरीला पंडितजींचा आवाज घालविण्याचे पातक खाँसाहेबांच्या पत्नीकडून घडलेले पडद्यावर दिसते. खाँसाहेबांना अखेरीस पश्चात्ताप होतो हे खरे. पण त्या विद्यार्थिनीने पाहिला होता तो हा चित्रपट. नाटक तिने पाहिलेले नव्हते.

याच वर्षी फेब्रुवारीत बेळगावात ९५ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले होते. त्याच्या अध्यक्षा होत्या १९६७ मधल्या झरीना, म्हणजेच फैयाज. ही माहिती आता वर्गात चित्रपटाच्या आधी सांगतो.