सरी धरून चालली असती तर

‘लपाछपी’बद्दल आमच्या ग्रुपमधलं सगळ्यात गाजलेलं मत एका शेतकरी मित्राचं आहे. त्याचा चार एकर ऊस आहे, पाटाच्या पाण्यावरचा. पिक्चर संपल्यावर तो म्हणाला, “येडी आहे का ती? एक सरी धरून नाकासमोर चालली असती तर बांधावर निघाली असती.”

आम्ही सगळे हसलो, कारण त्याचं बरोबर होतं. श्रीरामपूरच्या माणसाला उसाची भुरळ घालणं अवघड आहे. आत शिरलं की वारा बंद होतो, घाम फुटतो, पाचटाने हात कापतात, बिबट्याची भीती तर असतेच. पण सऱ्या सरळ असतात. वरून चक्रव्यूह दिसणारा ऊस आतून रांगेत उभा असतो. हे मत मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, शेवट न फोडता. विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ जुलै २०१७मध्ये आला. नेहा (पूजा सावंत) गरोदर आहे. नवऱ्याच्या मागे कर्जवाले लागलेत, म्हणून दोघं ड्रायव्हरच्या गावी लपायला जातात. चहूबाजूंनी ऊस, मध्ये एकच घर, आणि घरात तुळसाबाई (उषा नाईक). मग पोरांचे आवाज, लपाछपीचा खेळ आणि बाकीचं. त्याच दिग्दर्शकाने २०२१मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला, नुसरत भरुचा आणि मीता वसिष्ठ यांना घेऊन. एप्रिल २०२५मध्ये ‘छोरी २’ आला, त्यात सोहा अली खान आहे. म्हणजे एका मराठी पिक्चरची आता छोटीशी मालिकाच झाली आहे, आणि मालिका झाली की फॅन भांडतात.

आमच्याकडे तीन पार्ट्या आहेत. एक म्हणते, मूळ मराठीच भारी, बाकी सगळं पाणी घातलेलं. दुसरी म्हणते, ‘छोरी’ दिसायला जास्त देखणा आहे आणि मीता वसिष्ठ नुसती बघितली तरी काटा येतो. तिसरी पार्टी लहान आहे. तिला दुसरा भाग आवडला, कारण त्यात उसाच्या खाली भुयारं आहेत, दासी माँ आहे, एक आख्खं काळं जग आहे. “आता कुठे युनिव्हर्स तयार होतंय,” असं त्यातला एकजण म्हणतो. पहिल्या दोन पार्ट्या त्याला धरून धुतात. त्यांचं म्हणणं, सगळं दाखवलं की भीती संपते.

मी पहिल्या पार्टीतली, पण तिच्या कारणांशी माझं जमत नाही. ‘लपाछपी’ मराठी आहे म्हणून चांगला नाही. तोही शेवटाकडे आपला संदेश गरजेपेक्षा मोठ्या आवाजात सांगतो. तो लागतो तो तुळसाबाईमुळे. ही बाई पाहुणीला जेवायला घालते, तिची काळजी घेते, अवघडलेल्या बाईने कसं वागावं ते सांगते. अशा बाया आपण लग्नकार्यात पन्नास पाहिल्यात. उषा नाईकांनी तिला कुठेही खलनायिका केलेलं नाही. तिच्या प्रेमात खोट नाही आणि तिच्या क्रूरपणातही नाही. दोन्ही एकाच पदराला बांधलेलं आहे.

‘छोरी’ आला तेव्हा आमच्यातला एकजण सहज म्हणाला, “तिकडं असतंच असलं. हरियाणा-बिरयाणा.” भाषेचं वळण तिकडचं, घुंगट तिकडचे, तेव्हा त्याला हायसं वाटलं असावं. मला राहवलं नाही. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे हरियाणात ८३४ मुली होत्या. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात ८५२. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे ८८४ होत्या. आणि गर्भलिंगनिदानाला कायद्याने आळा घालणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, तेही १९८८ साली. हे आकडे मी ग्रुपवर टाकले. दोघांनी बघून सोडून दिले, एकाने अंगठा दिला.

आता घरातली गोष्ट सांगते. वहिनीच्या डोहाळजेवणाला दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. तुम्हाला खेळ माहीत असेल, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वहिनीने वाटी उचलली, बर्फी निघाली. एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मग घरातल्या एका मोठ्या बाई हसून म्हणाल्या, “चुकून उचलली गं, परत उचल.” सगळ्या हसल्या. वाट्या पुन्हा झाकल्या, फिरवल्या. वहिनीने दुसऱ्यांदा उचलली, पेढा निघाला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. त्या बाई मनाने फार चांगल्या आहेत, माझ्या दहावीच्या परीक्षेत रोज डबा घेऊन त्याच यायच्या. त्या एका क्षणाच्या शांततेत मी जेवढी घाबरले तेवढी कुठल्याही पिक्चरमध्ये घाबरलेली नाही. त्याच रात्री मी ‘लपाछपी’ पुन्हा लावला आणि अर्ध्यात बंद केला.

म्हणून दुसऱ्या भागाबद्दल माझी तक्रार फॅन लोकांपेक्षा वेगळी आहे. त्याची सुरुवात चांगली आहे. साक्षीची मुलगी सात वर्षांची झाली आहे आणि तिला ऊन सोसत नाही. वाचलेल्या मुलीला उजेडात मोकळं फिरता येऊ नये, यात खरं दुःख आहे. सोहा अली खानचं कामही मेहनतीचं आहे. पण पिक्चर त्या मुलीला घेऊन भुयारात उतरतो आणि तिथे एक पंथ, एक प्रधान, विधी, बळी असं सगळं मांडतो. ज्या क्षणी वाईटपणाला स्वतःची गुहा मिळते त्या क्षणी तो आपल्या घरातून बाहेर पडतो. भुयारातल्या पंथाला पाहून श्रीरामपुरातल्या कुणाला आपली मावशी आठवणार? तुळसाबाई पाहून आठवते. भीती कमी झाली, हे फॅन बरोबर ओळखतात. पण त्याला जास्त दाखवणं कारण नाही. चुकीच्या जागी दाखवलं, हे कारण आहे.

जाता जाता उसाचं एक. या पिक्चरांमधल्या उसाला तोड येतच नाही. भाग दुसरा, मध्ये सात वर्षं गेली, तरी ऊस तसाच डोक्यावर. आमच्याकडे आडसाली असला तरी दीड वर्षात कारखान्याला जातो, टोळी येते, चार दिवसांत रान मोकळं होतं आणि पलीकडची वस्ती लख्ख दिसते. कापलेल्या उसाच्या रानात, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडणारा हॉरर कुणीतरी करायला हवा. फुरियांनाच जमेल असं मला वाटतं. ‘लपाछपी’तलं घरही खरं तर उसामुळे लपलेलं नव्हतं.

मित्राला मी अखेर उत्तर दिलं. म्हटलं, सरी धरून ती बांधावर आली असती, मान्य. पण बांधावर तिला न्यायला कोण आलं असतं? घरचेच ना? तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पाणी द्यायचंय, लाइट आली,” आणि गेला.

तिसरा भाग निघणार अशी फॅन मंडळींना आशा आहे. आला तर वहिनी आणि मी मिळून बघणार आहोत. तिची अट एकच आहे, मुलगी झोपल्यावर लावायचा. मुलगी आता चार वर्षांची आहे आणि घरात सगळ्यांशी लपाछपी खेळते.