पंचवीस ग्रॅम कोठून आले?

आकुर्डीला भरलेल्या एका अन्नसुरक्षा परिषदेला आम्ही गेलो होतो. अन्नातील रोगजंतू त्यांच्या डीएनएवरून ओळखणे हे आमचे रोजचे काम. त्यामुळे बहुतेक भाषणे आणि दालनात मांडलेली यंत्रे आमच्याच विषयाची होती. यंत्रे चांगली होती, वक्तेही जाणकार होते. तरीही परतताना असे वाटले, की तेथे उत्तरांविषयी पुष्कळ बोलले गेले, पण ती कोणत्या प्रश्नांची उत्तरे आहेत हे फारसे कोणी सांगितले नाही. ही टीका आम्हालाही लागू आहे.

एका यंत्रापाशी फलक होता : ‘दोन तासांत निकाल’. फलक खोटा नव्हता. पॉलिमरेज साखळी अभिक्रियेत, म्हणजे पीसीआरमध्ये, डीएनएचा ठरावीक तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे सुमारे १०७ कोटी तुकडे होऊ शकतात आणि याला दोन तास पुरतात. परंतु साल्मोनेलाची अट अशी, की २५ ग्रॅम अन्नात तो मुळीच सापडता कामा नये. एवढ्या अन्नात त्याच्या एक-दोनच पेशी असतील, तर यंत्राच्या नळीत जाणाऱ्या काही मायक्रोलिटर द्रवात त्या येणार कशा? म्हणून ते अन्न आधी पोषक द्रवात घालून ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावे लागते, म्हणजे जीवाणू वाढतात. फलकावरील दोन तास या रात्रीनंतर सुरू होतात. दही वाढायला दोन मिनिटे लागतात हे खरे, पण आदल्या रात्री विरजण लावलेले असले तरच.

दुसरी गोष्ट. डीएनए सापडला म्हणजे जीवाणू जिवंत आहे असे नव्हे. तापवलेल्या दुधात मेलेल्या जीवाणूंचा डीएनए काही काळ टिकतो आणि पीसीआरला जिवंत-मेलेला हा भेद आपोआप कळत नाही. रात्रभराच्या वाढीमुळे ही अडचण बरीच कमी होते, कारण जिवंत पेशीच वाढतात. उलट बाजूही आहे. मसाल्यांतील काही घटक या अभिक्रियेत अडथळा आणतात. तेव्हा ‘सापडला नाही’ या उत्तराचा अर्थ ‘अभिक्रियाच झाली नाही’ असाही असू शकतो. हे ओळखण्यासाठी प्रत्येक नळीत एक नियंत्रक ठेवतात. निकालपत्र वाचताना त्याविषयी विचारले पाहिजे.

प्रश्न योग्य असेल तेथे हीच चाचणी मोलाची ठरते. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये गोमांसाच्या २७ बर्गरांपैकी १० मध्ये घोड्याचा डीएनए आढळल्याचे जाहीर केले. बहुतेकांत तो अत्यल्प होता, पण एकात घोड्याचे मांस गोमांसाच्या तुलनेत २९ टक्के निघाले. ‘हे मांस कोणाचे?’ या प्रश्नाला डीएनएइतका भरवशाचा साक्षीदार क्वचितच मिळेल.

तथापि आमचा मुख्य आक्षेप नमुन्याविषयी आहे. ते २५ ग्रॅम कोठून आले, हे आम्ही ऐकलेल्या एकाही भाषणात नव्हते. अनेक दुग्धपदार्थांच्या भारतीय मानकांत साल्मोनेलासाठी एका बॅचमधून पाच नमुने घ्यायचे असतात. शिक्षकांनी वर्गात हे करून पाहावे : पिशवीत ९९ पांढरे वाल आणि तेवढ्याच आकाराचा एक काळा वाल घालावा. विद्यार्थ्यांनी न बघता पाच-पाच दाणे काढावेत व दर वेळी परत टाकावेत. काळा दाणा सरासरी वीस वेळांत एकदा हाती लागेल. म्हणजे शंभरांतले एक पाकीट दूषित असेल, तर ती बॅच वीसपैकी एकोणीस वेळा ‘उत्तीर्ण’ होईल. यंत्र कितीही संवेदनशील असो, त्याच्यापर्यंत न पोचलेले पाकीट ते तपासू शकत नाही.

नमुना आणि प्रयोगशाळा यांचे महत्त्व महाराष्ट्राने एकदा न्यायालयात पाहिले आहे. मॅगी नूडल्समधील शिशाच्या प्रमाणावरून जून २०१५ मध्ये देशभर बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, ही कारणे त्यात होती. प्रत्येक प्रकाराचे पाच नमुने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे पाठवण्यास न्यायालयाने सांगितले. त्यांत शिसे मर्यादेच्या आत निघाले. तेथे चाचणी डीएनएची नव्हती, पण धडा तोच : नमुना, पद्धत आणि प्रयोगशाळा यांच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

आकुर्डी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये पाळीपाळीने मोठ्या संख्येने कामगार जेवतात. सकाळच्या भाताचा नमुना आम्ही तपासायला घेतला, तर निकाल हाती येईपर्यंत तो भात कधीच खाऊन झालेला असतो. मग त्या कामगाराला वाचवतो कोण? आचाऱ्याचे धुतलेले हात, स्वच्छ पाणी आणि वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवलेले अन्न. १९६० च्या दशकात अंतराळवीरांचे अन्न बनवताना पिल्सबरी कंपनी आणि नासा यांच्यापुढेही हीच अडचण आली. खात्री होईपर्यंत तपासत गेले, तर खायला फारसे उरत नाही! म्हणून त्यांनी बनवण्याच्या प्रत्येक धोक्याच्या टप्प्यावर पहारा ठेवण्याची पद्धत आखली. आमची चाचणी तो पहारा नीट चालला आहे की नाही एवढे सांगते. पहाऱ्याची जागा ती घेऊ शकत नाही.

परिषदेत आचारी कोणी नव्हता. पुढच्या वेळी एखादे यंत्र कमी मांडून त्याला बोलवावे. आणि विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रात ‘चाचणीत आढळले’ असे वाचले, की शिक्षकांनी त्यांना आधी विचारायला शिकवावे : किती नमुने, कोठून घेतले आणि कोणी तपासले?