लीलावतींतील श्रेढीव्यवहार : पाठशुद्धीच्या दृष्टीनें

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धांतशिरोमणि रचिला. त्यांतील लीलावती ह्या पाटीगणिताचा श्रेढीव्यवहार गणितज्ञांच्या परिचयाचा आहे. परंतु पोथ्या तपासणारांनींही त्याकडे लक्ष द्यावें, इतकें त्याचें महत्त्व आहे.

श्रेढींत आदि, चय, गच्छ व सर्वधन हे चार राशि एका नियमानें बांधलेले असतात. तीन ठाऊक असतां चौथा निघतो. म्हणून न्यासांतील एखादा अंक पुसला गेला असतां तो गणितानेंच भरून काढितां येतो. एका उदाहरणांत दाता पहिल्या दिवशीं ३ द्रम्म देतो, पुढें रोज २ अधिक देतो, व एकंदर ३६० द्रम्म वांटितो. दिवस किती, असा प्रश्न आहे. येथें गच्छ व दोहोंनीं अधिक गच्छ ह्यांचा गुणाकार ३६० होतो. त्यांत १ मिळविला कीं ३६१, त्याचें मूळ १९, त्यांतून १ वजा करून १८ दिवस. नकलकारानें ३६० चे ३०६ केले, तर ३०७ ला निःशेष मूळ नाहीं. चूक तत्काळ उघड होते.

परंतु हें साधन बेतानें वापरिलें पाहिजे. शत्रूचे हत्ती हरण करण्यास निघालेला राजा पहिल्या दिवशीं २ योजनें चालतो व ७ दिवसांत ८० योजनें आक्रमितो. रोजची वाढ किती? रोज २ प्रमाणें १४ योजनें झालीं. उरलेल्या ६६ स २१ नीं भागिलें असतां २२/७ येतात. पोथ्यांत भागाकाराची रेघ नसते. ३, खालीं १ व त्याखालीं ७ अशी मांडणी अनभिज्ञ वाचकास सहज भ्रमांत पाडील. शिवाय लीलावतींतच परिधीचें स्थूल मान २२/७ दिलेलें असल्यानें, तेथील अंक येथें शिरले असावेत, अशीही शंका येईल. मग ८० चे ७७ केले कीं वाढ नेमकी ३ येते, आणि संशोधकास आपण पाठ शुद्ध केला असें वाटतें!

ही शुद्धि नव्हे, पाठाचा नाश होय. मूळ श्लोक मालिनी वृत्तांत असून त्यांत 'अशीति' हा शब्द आहे. 'सप्तसप्तति' त्या जागीं बसत नाहीं. श्लोकांतील संख्येस वृत्ताचें संरक्षण असतें, न्यासांतील अंकांस तें नसतें. आचार्यांस अपूर्णांक वर्ज्यही नव्हता: आदि ७, चय ५, गच्छ ८ असतां मध्यधन ४९/२ येतें, आणि गच्छ सम असल्यानें मधला दिवसच नसतो, ह्याचा खुलासा ते स्वतः करितात.

तात्पर्य, पोथी ताडून पाहतांना श्लोकांतील शब्दसंख्या व न्यासांतील अंक हे दोन स्वतंत्र साक्षी समजून वेगवेगळे टिपावे. त्यांत विरोध दिसल्यास प्रथम वृत्त पाहावें, मग गणित करावें. उत्तर पूर्णांक नाहीं, एवढ्याच कारणावरून मात्र पाठास कोणीं हात लावूं नये.